संस्थापिकेचं चरित्र कसं वाचावं? : लक्ष्मीबाई केळकरांच्या निमित्ताने

(बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, विषय जाहीर झाला तेव्हाच दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं की हा विषय बीबीत कशाला? वर्ध्यात घ्या, नागपुरात घ्या. आमचं म्हणणं असं की हा विषय इथेच घ्यायला हवा. सिंदखेडराजा इथून हाकेच्या अंतरावर आहे. जिजाऊंचं नाव घेतल्याशिवाय इथलं एकही भाषण सुरू होत नाही. आणि ज्या बाईंबद्दल आम्ही आज बोलणार आहोत त्यांनी उभ्या केलेल्या संघटनेत जिजाऊंना मातृत्वाचा आदर्श म्हणून मान आहे. ते सूत्र पुढे येईलच. आधी बाईंकडे येऊ.

लक्ष्मीबाई केळकर. राष्ट्र सेविका समितीच्या संस्थापिका. जन्म ६ जुलै १९०५, नागपूर. माहेरचं नाव कमल, घराणं दात्यांचं. चौदाव्या वर्षी वर्ध्याच्या पुरुषोत्तमराव केळकर वकिलांशी लग्न झालं. वकीलसाहेब बिजवर होते, पहिल्या पत्नीच्या दोन मुली घरात होत्या. १९३२ साली वकीलसाहेब वारले. बाईंचं वय सत्तावीस, पदरात लहान मुलं. १९३६ साली, २५ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी वर्ध्याला समितीची स्थापना. १९७८ च्या नोव्हेंबरात निधन. एवढ्या गोष्टी कोणत्याही पुस्तिकेत मिळतात, आणि त्यांच्याबद्दल फारसा वाद नाही.

वाद सुरू होतो तो यापुढे. आमच्याकडे एक मुलगी येते, ह्याच भागातली, इतिहासात पीएच. डी. करायचं म्हणते. विषय हाच घेतलाय. ती म्हणाली, सर, माझ्यापुढे दोन ढीग आहेत. एका ढिगात आरती, दुसऱ्या ढिगात आरोपपत्र. बाई कुठल्याच ढिगात सापडत नाहीत. आम्हाला हे वाक्य फार आवडलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या वाक्यावरचं भाष्य समजा.

पहिला ढीग संघटनेच्या स्वतःच्या चरित्रांचा. मराठीत आहेत, हिंदीत आहेत, शिबिरांत वाटल्या जाणाऱ्या पुस्तिका आहेत. यांची एक ठरलेली घडण असते. लहानपणीच वेगळेपण दिसतं. मग लग्न. मग वैधव्य, आणि त्यातून उभं राहणं. सायकल शिकणं, पोहायला शिकणं. बंगालमधल्या एका अत्याचाराची बातमी वाचून अस्वस्थ होणं. मुलं शाखेत जाऊ लागली, त्यांच्यात पडलेला फरक आईच्या डोळ्यांत भरणं. मग डॉक्टर हेडगेवारांची भेट. बाई विचारतात, स्त्रियांना संघात घ्याल का? डॉक्टर म्हणतात, संघात नाही, पण तुम्ही स्वतंत्र संघटना काढा, आम्ही साह्य करू. आणि मग विजयादशमी.

दुसरा ढीग अभ्यासकांचा. तनिका सरकारांचा १९९१ सालचा लेख आहे, 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' मधला. पुढे १९९५ साली त्यांनी आणि उर्वशी बुटालियांनी मिळून हिंदू उजव्या चळवळीतल्या स्त्रियांवर एक ग्रंथ संपादित केला. पाओला बाचेट्टांचं पुस्तक २००४ सालचं. हे काम मोलाचं आहे, आमच्याकडचे काही लोक ते न वाचताच त्यावर रागावतात. 'स्वयंसेवक' या शब्दातला 'स्वयं' हा 'सेविका' या शब्दात का नाही, हा प्रश्न या अभ्यासकांनीच नीट मांडला. दोन्ही संघटनांची इंग्रजी आद्याक्षरं एकच, आर. एस. एस., पण बाईच्या वाट्याला आलेली सेवा 'स्वतः'शिवाय आली. हे एकदा दिसलं की विसरता येत नाही. पण या अभ्यासाचा विषय संघटना आहे, आणि तीही बऱ्याच अंशी रामजन्मभूमी आंदोलनाच्या काळातली, दिल्लीत दिसणारी. १९३६ चं वर्धा त्यात पार्श्वभूमीपुरतं येतं. बाई येतात त्या एक पायरी म्हणून, आणि पुढचा जिना चढायची घाई असते.

आता आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. इतिहासकार नव्हे. तेव्हा आमच्या पोतडीत जे आहे तेच बाहेर काढणार. न्यायदर्शनात चार प्रमाणं सांगितली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वचन. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हं! मराठीत आपण आप्तेष्ट म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. वात्स्यायन सांगतो की ज्याला ती गोष्ट स्वतः कळली आहे आणि जशी कळली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ असो, लक्षण एकच.

ही कसोटी आपल्या चरित्रांना लावा. हेडगेवारांची भेट सांगणारा कोण? त्या खोलीत कोण होतं? दोन माणसं, फार तर तीन. म्हणजे मूळ आप्त एकच उरतो, त्या बाई स्वतः. पुढच्या सगळ्या पुस्तिका त्याच एका कथनाच्या नातवंडं-पतवंडं. दहा पुस्तिकांत एकच गोष्ट आली म्हणून दहा साक्षीदार झाले असं होत नाही. एका विहिरीचं पाणी दहा घागरींत भरलं, इतकंच. त्यामुळे संशोधकाने घागरी मोजू नयेत. कोणत्या वर्षापासून ही गोष्ट छापील रूपात दिसते, तेव्हा तिची शब्दरचना काय होती, आणि पुढे कोणता शब्द वाढला, कोणता गळला, हे पाहावं. मराठीत 'मावशी' होत्या, हिंदी पुस्तिकांत त्या 'वंदनीय मौसीजी' झाल्या. नुसता भाषेचा फरक नाही तो. वर्ध्याच्या आळीतली मावशी हाक मारली की ओ देते. वंदनीय मौसीजींना हार घालावा लागतो.

दुसरी एक गोष्ट या चरित्रांत येते, गांधीजींची. वर्ध्याला गांधी प्रार्थनेत सीतेच्या आदर्शाबद्दल बोलले, सीतेनेच रामाला घडवलं अशा अर्थाचं काही, आणि त्यावरून लक्ष्मीबाई रामायणाकडे वळल्या असं सांगतात. ही गोष्ट संशोधकाला पर्वणी आहे. का? कारण इथे बाहेरचा साक्षीदार आहे. गांधींच्या आयुष्याचा जवळजवळ एकेक दिवस नोंदलेला आहे. समग्र वाङ्मयाचे शंभर खंड आहेत. गांधी वर्ध्याला मगनवाडीत कधी होते, शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, १९३६ च्या एप्रिलअखेर कधी गेले, हे सगळं जुळवता येतं.

इथे भाट्ट मीमांसकांचं एक प्रमाण उपयोगी पडतं. अनुपलब्धी. वस्तू दिसत नाही यावरून ती नाही असं ज्ञान. पण त्याला त्यांनी एक अट घातली, योग्यतेची. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. भर दुपारी या टेबलावर घागर दिसत नाही, तर घागर नाही. अंधारात दिसली नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही. गांधींची नोंद म्हणजे भर दुपार. तिथे एखादी गोष्ट मिळाली नाही तर त्याला वजन आहे. सत्तावीस वर्षांच्या विधवेच्या घरातली नोंद म्हणजे काळोख. तिचं पत्र मिळालं नाही, वही मिळाली नाही, यावरून ती लिहीत नव्हती असं म्हणणारा मीमांसकांच्या पहिल्या इयत्तेत नापास होईल. त्यात १९४८ ची जाळपोळ आहेच. गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात किती घरं जळली. घर जळतं तेव्हा त्यातल्या ट्रंकासुद्धा जळतात.

आता आमच्या मनातल्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

समितीने तीन आदर्श मानले. मातृत्वासाठी जिजाबाई, कर्तृत्वासाठी अहिल्याबाई होळकर, नेतृत्वासाठी झाशीची राणी लक्ष्मीबाई. ही त्रयी शिबिरात गेलेल्या कुठल्याही मुलीला पाठ असते. तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली, की यात आई आधी येते वगैरे. ठीक आहे. पण एक गोष्ट कुणी मोठ्याने म्हणत नाही. या तिघीही विधवा आहेत. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, आणि ज्या कर्तृत्वासाठी आपण त्यांना ओळखतो ते सगळं त्यानंतरचं. झाशीच्या गंगाधररावांचं निधन १८५३ चं, राणीचं नेतृत्व त्यानंतरचं. शहाजीराजे गेले १६६४ साली, जिजाऊ त्यानंतर दहा वर्षं जगल्या, राज्याभिषेक पाहून गेल्या. तीन आदर्श, तिघींचं कपाळ कुंकवावाचून. आणि ही त्रयी जिच्या संघटनेने पुढे केली तीही विधवा. याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा. आम्हाला तो योगायोग वाटत नाही.

१९३६ चं वर्धा डोळ्यांसमोर आणा. चित्पावन घर. विधवेला हळदीकुंकवात स्थान नाही, मंगलकार्यात पुढे यायचं नाही. बायकांनी एकत्र जमायचं आपल्या समाजातलं जे मान्य निमित्त होतं, चैत्रातलं, संक्रांतीचं, तेच नेमकं तिला बंद. कर्व्यांनी हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढून चाळीस वर्षं झाली होती, पण आश्रम वेगळा आणि आपल्याच आळीत आपल्याच घरात राहून चार मुली जमवणं वेगळं. मग ती कोणतं निमित्त शोधेल? जिथे कुंकवाचा प्रश्न येत नाही असं. विजयादशमी, शस्त्रपूजा, व्यायाम, प्रार्थना. लाठी हातात घ्यायला सवाष्ण असावं लागत नाही. संघटनेच्या चरित्रांना यात हिंदू तेज दिसतं, अभ्यासकांना लष्करी शिस्त दिसते. दोन्ही असेल. पण त्याच्याही आधी यात एका विधवेने शोधलेली वाट आहे, आणि ती वाट दोन्ही ढिगांनी पाहिलेली नाही.

आता अर्थापत्ती घेऊ. जुनं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल. देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही. मग तो रात्री जेवत असला पाहिजे, एरवी हिशेब लागत नाही. आपला देवदत्त असा : १९३६ साली मध्यमवर्गी बापांनी आपल्या लग्नाच्या वयाच्या मुली एकतीस वर्षांच्या एका विधवेच्या सांगण्यावरून मैदानात पाठवल्या. हिशेब कसा लागतो? तिच्यापाशी काहीतरी वजन असलं पाहिजे. कुठून आलं? वकिलाचं घर, हे एक. वाढते मुलगे, हे दुसरं. विधवा असली तरी मुलाच्या आईला समाज जरा वेगळं वागवतो. आणि तिसरं डॉक्टरांचं नाव. या अंगाने पाहिलं तर हेडगेवारभेटीची गोष्ट वेगळी दिसायला लागते. पुस्तिकेत ती दीक्षेची गोष्ट आहे. अभ्यासकांकडे ती परवानगीची गोष्ट आहे. आम्हाला त्यात हमीपत्र दिसतं. मुलीच्या बापाने दारात विचारलं, बाई, यामागे कोण आहे? त्याचं उत्तर तिने आधीच मिळवून ठेवलं होतं. पण हमीपत्राची किंमत द्यावी लागते. एकदा ती सही घेतली की संघटनेच्या विचाराची चौकटही त्याच सहीबरोबर आली, आणि त्या चौकटीच्या आत मुलींना किती हलता येईल हेही. ते आम्हाला मान्य होण्यासारखं नाही, आणि हे आम्ही लपवत नाही. ज्यांचं म्हणणं पटत नाही त्यांचं चरित्र नीट लिहिता येतं की नाही, हाच तर प्रश्न आहे. पटणाऱ्या माणसांची चरित्रं काय, कोणीही लिहितं.

बाहेरचं एक उदाहरण देतो. गर्ल गाईड. ब्रिटनमध्ये १९०९ साली क्रिस्टल पॅलेसच्या स्काऊट मेळाव्याला मुली आपणहून येऊन उभ्या राहिल्या, आम्हालाही घ्या म्हणून. बेडन पॉवेलने त्यांची जबाबदारी बहिणीवर, ॲग्नेसवर टाकली. १९१० साली संघटना झाली. पुढच्याच वर्षी आपल्याच मध्य प्रांतात, जबलपूरला, भारतातली पहिली गाईड तुकडी निघाली. ॲग्नेसने भावाबरोबर १९१२ चं हस्तपुस्तक तयार केलं. १९१७ साली तिला अध्यक्षपद सोडावं लागलं, दुसऱ्या वर्षी तिची तरुण भावजय ओलेव्ह चीफ गाईड झाली. आज शंभरातल्या नव्वदांना संस्थापक विचारा, भावाचं नाव सांगतील. फारच माहीतगार असेल तर बायकोचं. बहीण गेली. मुली स्वतः येऊन उभ्या राहिल्या, त्या तर केव्हाच गेल्या. लक्ष्मीबाईंचं नाव तसं पुसलं गेलं नाही, हे खरं. पण एका गोष्टीत साम्य आहे. दोन्हीकडे कथेच्या ऐन मध्यावर एक पुरुष दार उघडतो. तो दार उघडेपर्यंत दाराबाहेर काय चाललं होतं, ते कोणी सांगत नाही.

वर्ध्यातही दाराबाहेर काही चाललं असणारच. आणि पुण्यात तर होतंच. सरस्वतीबाई आपटे, ताई आपटे, यांनी पुण्यात मुली-बायकांचं असंच काम सुरू केलेलं होतं, ते पुढे समितीत मिळालं. त्याच नंतर समितीच्या दुसऱ्या प्रमुख संचालिका झाल्या. म्हणजे 'संस्थापिका' हा एकवचनी शब्दसुद्धा तपासून घ्यायचा शब्द आहे. आणि जिथे एकवचनच नसतं तिथे चरित्रच लिहिलं जात नाही. राष्ट्र सेवा दल बघा. १९४१ पासून तिथे मुलगे आणि मुली एकत्र खेळले, एकत्र कवायत केली. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पण तिथे मुलींची अशी एक संस्थापिका नाही, म्हणून शेकडो मुलींच्या त्या धिटाईला वाहून घेतलेला ग्रंथ आमच्या कपाटात तरी नाही. चरित्राला एक पुतळा लागतो.

आता नावांकडे. संघात डॉक्टर आहेत, गुरुजी आहेत. समितीत मावशी आहेत, ताई आहेत. पुरुषाला त्याच्या व्यवसायाने ओळखायचं, बाईला नात्याने. प्रमुख संचालिका हे पद कागदावर आहे, पण तोंडात मावशी. आम्हाला ही हाक आवडते, तिच्यात ऊब आहे. संशोधनाला मात्र ती जड जाते. मावशी प्रेम करते, मावशी खाऊ देते. मावशी ठराव लिहिते, मावशी हिशेब तपासते, मावशी कोणाला काढून टाकते, हे वाक्य आपल्या कानाला चमत्कारिक लागतं. म्हणून ते चरित्रात येत नाही. १९४७ च्या ऑगस्टमध्ये ही बाई कराचीला गेली. फाळणीच्या ऐन दिवसांत, तिथल्या सेविकांना भेटायला. चरित्रांत हा प्रसंग मायेचा म्हणून येतो. त्यात केवढा व्यवस्थेचा भाग असेल! तिथल्या मुली इकडे आल्या तर कुठे उतरतील, कोणाच्या घरी, किती दिवस, खर्च कोणाचा. हे प्रश्न ज्या बाईने सोडवले तिला व्यवस्थापक म्हणायला आपली जीभ का अडखळते?

आणि हेच जिजाऊंचं झालं आहे, मंडळी. इथे बसलेल्यांपैकी निम्मे दर १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जातात. तिथे लाखोंची गर्दी असते, आणि ती गर्दी ज्या विचाराची आहे तो समितीच्या विचाराच्या अगदी उलट टोकाचा. तरी जिजाऊ दोन्हीकडे. दोन्हीकडे माँसाहेब, दोन्हीकडे शिवबांना घडवणारी आई. पुण्याची जहागीर बघणारी, शिवाजीराजे आग्र्यात अडकले होते तेव्हा राज्याचा कारभार सांभाळणारी बाई दोन्हीकडे मागे पडते. समितीने कर्तृत्वाचा खण अहिल्याबाईंना दिला, मग जिजाऊंच्या वाट्याला मातृत्वाचा खण आला. तीन बायका, तीन खण, आणि एका खणातलं दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही. आमचं एवढंच म्हणणं की लक्ष्मीबाई केळकरांनाही पुढे त्यांच्याच संघटनेने त्याच पहिल्या खणात ठेवलं.

राहिला त्यांच्या विचारांचा भाग. त्यांनी रामायणावर वर्षानुवर्षं प्रवचनं केली, ती पुस्तकरूपाने आली आहेत. हा त्यांचा स्वतःचा आवाज आहे, म्हणजे आपल्या भाषेत खरं आप्तवचन. भक्त ती पारायणासाठी वाचतात, टीकाकार उघडत नाहीत. सीतेबद्दल एक विधवा काय बोलते, तारेबद्दल काय बोलते, मंदोदरीबद्दल काय बोलते, हे वाचण्यासारखं असणार की नाही? तारा आणि मंदोदरी दोघी युद्धात विधवा झालेल्या. त्या मुलीला आम्ही सांगितलंय की प्रवचनांत या दोघी जिथे जिथे येतात ती पानं आधी वाच. अयोध्याकांड नंतर.

आणि शेवटी कायदा. कुठल्याही चरित्रात लिहिलेलं असतं की पतीच्या मागे बाईंनी हिमतीने घर सांभाळलं. घर कोणाचं होतं? १९३२ साली मिताक्षरा कायद्याप्रमाणे, मुलगे असतील तर विधवेला मिळकतीत वाटा नव्हता, अन्नवस्त्राचा हक्क होता. विधवेला मुलाइतका हिस्सा, तोही हयातीपुरता, मिळाला तो १९३७ च्या कायद्याने, आपल्या डॉक्टर गो. वि. देशमुखांनी लावून धरलेल्या. तो कायदा मागचा लागू नव्हता. कायद्यापूर्वी जे वारले त्यांच्या मिळकतीला तो लागतच नाही. म्हणजे वकीलसाहेबांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर समिती ज्या घरातून उभी राहिली त्या घरावर समितीच्या संस्थापिकेचा मालकी हक्क नव्हता. ती आपल्याच लहान मुलांच्या घरात, त्यांची पालक म्हणून राहत होती. आणि केलं असेल, तर मग वकील नवऱ्याने कायद्याची भोकं ओळखून बायकोची तजवीज केली होती, आणि पुरुषोत्तमरावांचं चरित्रातलं स्थान एकदम बदलतं. आज ते तिथे फक्त मरण्यापुरते येतात. दोन्ही शक्यता मोठ्या आहेत, आणि त्यांचा निकाल आठवणींतून लागत नाही, कागदावरून लागतो.

वर्धा मध्य प्रांतात, आपण वऱ्हाडात, तेव्हा दप्तराची पद्धत तिकडची वेगळी, हे तिला सांगावं लागलं. घराचा नझूलचा उतारा, १९३२ नंतरचा फेरफार, आणि दिवाणी कोर्टात अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा अर्ज झाला असेल तर तो. एवढे तीन कागद आधी बघ म्हटलं, मुलाखती नंतर. पावसाळ्याआधी ती वर्ध्याला जाणार आहे.